कळवतो म्हणून गेलेली माणसं

“एकाच वेळी पाचजण वाचतायत, त्यांतला एक लॉक न सोडता तसाच उठून गेला, तर लिहायला आलेल्यानं काय करायचं?”

हा प्रश्न विचारायची माझी छाती नाही असं माझ्या मैत्रिणीनं, तेजस्वीनं, शाळेत डबा खाताना म्हटलं, बाकीच्या दोघी हसल्या, भडंगाची पैज लागली, आणि रविवारी सकाळी आमच्या निपाणीच्या घरात, उप्पिटाच्या बशा नुकत्या हातात आल्या होत्या तेव्हा, मी तो प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला विचारला. चांगला डोळ्यांत बघून विचारला. मुलाचं नाव दीपंकर, नोकरी बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये, घर बेळगावात. त्याच्या आईचा, जयाबाईंचा, चमचा तोंडापाशी जाऊन थांबला. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, खुर्चीखाली पाय मागं ओढला. आई पाहुण्यांनी आणलेल्या कुंद्याच्या, बेळगावी मिठाईच्या, बॉक्सकडं बघत राहिली, जणू प्रश्न त्या बॉक्सनंच विचारलाय. आणि नीलमआक्कानं, जिला बघायला ही सगळी आली होती, मान वर केली. तासाभरात पहिल्यांदा.

मला लई मजा आली. खोटं कशाला लिहू. गेल्या वर्षापर्यंत मी बोलतच नव्हते, पाहुणे आले की चहाचा ट्रे ठेवून आत पळायची, वर्गात माझं नाव घेतलं की कान तापायचे. मग दहावीत एकदा भूगोलाच्या सरांना सहज एक प्रश्न विचारला आणि त्यांनी खडू दुसऱ्या हातात घेतला, परत पहिल्या हातात घेतला, आणि मला कळलं की प्रश्न विचारला की मोठी माणसं लहान होतात. फार नाही, वीतभर. पण ती वीतभर जागा आपल्याला मिळते. तेव्हापासून मी विचारतच सुटलेय, आता अकरावीला तर मला कुणी थांबवूच शकत नाही, आणि त्या रविवारी मला बघायचं होतं की बेंगळुरूचा सॉफ्टवेअरवाला किती लहान होतो. तो झालाच नाही.

“लिहिणारा थांबतो,” दीपंकर म्हणाला.

“किती वेळ?”

“थांबतोच. प्रोग्राम मरत न्हाई, चूकबी दाखवत न्हाई. बाहेरनं बघणाऱ्याला वाटतं सगळं बरं चाललंय.” मग त्यानं बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं नाही, आक्काकडं बघून म्हणाला, “पण आता हातानं कोण सोडत बसत न्हाई. गार्ड वापरतात. कोडातला कंस बंद झाला की लॉक आपोआप सुटतं.”

“मधनंच परत फिरला तरी,” आक्का म्हणाली. “चूक होऊन बाहेर पडला तरी.”

“व्हय. तरीबी.”

एवढंच. पण त्या ‘तरीबी’नंतर ती दोघं एकमेकांकडं बघत राहिली, फार वेळ नाही, तरी जयाबाईंनी ते बघितलं, मी पण बघितलं. मला जरा राग आला, कारण प्रश्न माझा होता. जयाबाई हसून आईला म्हणाल्या, “धाकटी तुमची लई हुशार हाय की ओ.” आई म्हणाली, “तोंडानं हुशार.” सगळे हसले. आक्कानं मान परत खाली घातली, आता तिच्याकडं कुणी बघत नव्हतं तरी.

तसं बघितलं तर प्रश्न माझाही नव्हता, तो आक्कानंच मला शिकवलेला. ती रोज बसनं बेळगावला जाते, उद्यमबागेतल्या एका बारक्या कंपनीत, जिथं कारखान्यातल्या मशिनांचे आकडे पडद्यावर दाखवायचा प्रोग्राम आहे. पडदे बारा ठिकाणी, आकडे एकच, आणि एके दिवशी आकडे हलायचेच थांबले, ते आक्कानं चालू केले. तिनं मला पोळ्या लाटता लाटता समजावलं होतं. शाळेत निकालाचा कागद लावलाय समज. दहा पोरं एकदम वाचू शकतात, वाचून काय कागद झिजत नाही. त्याला रीड लॉक म्हणायचं, वाचणारा म्हणतो, मी वाचतोय तोवर यात कुणी खाडाखोड करायची नाही. सरांना एक मार्क चुकलाय, दुरुस्त करायचाय, पण वाचणारं शेवटचं पोर बाजूला होईपर्यंत सर पेन घेऊन मागं उभे. आता त्यातलं एक पोर ‘झालं माझं’ न म्हणताच घरी गेलं. कागदासमोर कुणीच नाही. पण नोंदीत ते पोर अजून वाचतंयच. सर उभेच. “मग सरांनी त्याच्या घरी जावं की,” मी म्हणाले. “सरांना ते कोण हाय माहीतच नसतं,” आक्का म्हणाली आणि पोळी उलटली. मग गार्डचं सांगितलं. वाचायला आत येतानाच त्याला अशा दारातनं आणायचं की तो बाहेर पडला की नोंद स्वतःहून पुसली जावी, तो आठवणीनं बाहेर पडो, भांडून पडो, पडून डोकं फुटून पडो. माणसाच्या आठवणीवर आणि चांगुलपणावर काही ठेवायचं नाही. हे सांगताना आक्का फार सुंदर दिसत होती, पिठाचा हात, कपाळावर घाम, आणि चष्मा नव्हता.

चष्म्याचं सांगायला पाहिजे. आक्काला पहिल्यांदा बघायला कागलचे आले तेव्हा चष्मा काढून ठेवला होता, नंबर कमीच होता. ते म्हणाले, कळवतो. आमच्याकडं नाही असं कुणी म्हणतच नाही, तोंडावर नाही म्हणणं म्हणजे वाईटपणा, म्हणून सगळे कळवतो म्हणतात आणि जातात. मुलीकडच्यांनी विचारायचं नाही, विचारलं तर घाई दिसते. ते कळवेपर्यंत दुसरं स्थळ दाखवायचं नाही, दाखवलं तर पोरगी बाजारात फिरवल्यासारखी होते, असं आमचे मारुतीमामा म्हणतात, आईचे चुलतभाऊ, जे सगळी स्थळं आणतात. आणि मुख्य म्हणजे बघून गेलेली पोरगी बघितली तशीच राहायला पाहिजे. केस कापायचे नाहीत. वाळायचं नाही, सुटायचं नाही. बेळगावात नोकरी सांगितलीय ना, मग बेळगावातच. चष्म्याशिवाय बघितलीय ना, मग उद्या अचानक आले आणि चष्मा दिसला तर फसवलं म्हणतील. कागलच्यांनी कधीच कळवलं नाही. त्या मुलाच्या लग्नाचे फोटो मामांच्याच मोबाइलवर आले, मग आई म्हणाली, आता समजायचं. त्याला पोरगं झाल्याचंही पुढं कळलं. तोवर संकेश्वरचे बघून गेले होते, मग खानापूरचे, आणि आक्काचा नंबर वाढत गेला. ती कॉम्प्युटरसमोर डोळे बारीक करून बसते, संध्याकाळी कपाळाला बाम, आणि नवा चष्मा कपाटात. मी एकदा म्हटलं होतं, “तू आंधळी झालीस की मग दाखवायला सोपी जाशील, तुलाबी कोण दिसणार न्हाई.” ती हसली होती. तिला मी काहीही बोलले तरी ती हसते, म्हणून मी बोलते.

अण्णा यावर काही म्हणत नाहीत. अण्णा वीज खात्यात आहेत, जयंतीला ते स्टेजवर बोलतात, पोरींच्या शिक्षणावर इतकं छान बोलतात की मागच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावतात. मी लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून ती भाषणं पाठ केली होती. आक्काला इंजिनिअर केलं त्यांनीच, कर्ज काढून, कुणाचं न ऐकता. आणि मग तिला हॉलमधल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसून म्हणाले, बघा. हे दोन्ही अण्णा एकाच शर्टात असतात, एकच पेन खिशाला लावतात, आणि कुठल्या वेळेला कोणता हे मला अजून ओळखता येत नाही. आई शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. तिला दोन्ही अण्णा ओळखता येतात, पण ती दोघांनाही चहा देते.

दीपंकरकडची मंडळी निघाली तेव्हा दारात चपला घालताना जयाबाई म्हणाल्या, कळवतो. मला वाटलं होतं हा तरी वेगळं काही बोलेल, ज्याला गार्ड माहीत आहे तो तरी. तो लेस बांधत होता. वाकलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही. जयाबाईंनी माझी हनुवटी धरून “तुझा नंबर दे गं हुशारे,” म्हणून माझा नंबर घेतला, त्यांचा दिला, आणि गाडी गेली. तेजस्वीला मी लगेच मेसेज केला, भडंग तयार ठेव. मग घरात आले तर आक्का उप्पिटाच्या बशा गोळा करत होती आणि दीपंकरच्या बशीत राहिलेला कढीपत्ता तिनं उचलून तोंडात टाकला. मी बघितलं हे तिला दिसलं नाही. मला कसंतरीच झालं आणि मी ओरडून म्हणाले, “आई, आक्का उष्टं खातीया.” आईनं स्वयंपाकघरातनं विचारलं, “काय गं?” आक्का म्हणाली, “काय न्हाई.” तिचे कान लाल झाले होते. सव्वीस वर्षांच्या बाईचे कान.

आणि सोमवारपासून पुण्याची नोकरी होती. म्हणजे पुढच्या सोमवारपासून. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मोठी कंपनी, आक्काला स्वतः बोलावलेली, पगार अण्णांपेक्षा जास्त. तिनं एकदा तारीख पुढं मागून घेतली होती, खानापूरच्यांसाठी. कंपनीनं दिली होती, आणि लिहिलं होतं की आता परत नाही. अण्णा म्हणाले, “दीपंकरकडचं कळू दे. मग तू पुण्याला का बेंगळुरूला ते त्यांच्याच इच्छेनं हुईल की.” आक्का म्हणाली, बरं. ती बरं म्हणते तेव्हा तिचा आवाज गुळगुळीत असतो, त्यावर पाय ठेवला तर घसरेल असा. सोमवार, मंगळवार. आक्का बसनं गेली, आली. तिनं दीपंकरला एक मेसेज केला होता, गार्डबद्दलच, एक शंका, त्याचा नंबर मामांनी दिलेल्या माहितीत होता. दोन निळ्या खुणा आल्या होत्या. त्यानं वाचलं होतं. ती जेवताना मोबाइल उलटा ठेवायची आणि सुलटा करायची. मी म्हटलं, “वाचून गेला जणू.” ती हसली नाही. मला ते नवीन होतं, माझ्या बोलण्यावर आक्का न हसणं, आणि मी अजून एकदा काहीतरी बोलणार होते, पण आईनं माझ्या ताटात आमटी ओतली, नको म्हटलं तरी, काठापर्यंत.

बुधवारी संध्याकाळी मारुतीमामा आले. आधी पाणी पिऊन, मग चहा पिऊन, मग अण्णांच्या ऑफिसातल्या बदल्यांचं बोलून, मामा म्हणाले, “लई चांगली बातमी हाय, पण नीट ऐकून घ्या.” जयाबाईंचा फोन आला होता. थोरलीचं अजून घरात बोलणं चाललंय, नाही असं नाही. पण धाकटी त्यांना फार आवडली. त्यांचा धाकटा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हुबळीला. “त्या म्हणतात, चार वर्षं जाऊ देत, पोरीला शिकू दे, मग दोन्ही एकदम करू. दोघी सख्ख्या बहिणी एका घरात. थोरलीलाबी तोवर आम्ही न्हाई म्हणत न्हाई, म्हणतात. फक्त तुम्ही दुसरं बघू नका.”

मी दारात उभी होते, हातात बायोलॉजीचं पुस्तक. मला आधी हसू आलं. खरंच. म्हणजे चार वर्षं आक्काला कळवणार नाहीत आणि चार वर्षं मलाही कळवणार नाहीत, आणि हे सगळं एका उप्पिटावर. मग मी अण्णांकडं बघितलं, कुठले अण्णा आहेत ते बघायला. अण्णांनी खिशातलं पेन काढलं, त्याचं टोपण उघडलं, लावलं. म्हणाले, “माणसं चांगली हाईत.” आई म्हणाली, “दोघी एका घरात म्हंजे…” आणि तिच्या तोंडावर असं काही आलं की मी ते कधी बघितलं नव्हतं. आराम. पुष्कळ ओझं नेणारं माणूस कट्ट्यावर टेकतं तसं. ते बघून मला भीती वाटली, आक्काच्या पुण्याला जाण्या-न जाण्यानं वाटली नव्हती तेवढी. कारण आत्तापर्यंत हॉलमधली ती खुर्ची आक्काची होती. तिच्यावर बसलेलं आक्काचं शरीर, आक्काचे केस, आक्काचे डोळे. मला त्या खुर्चीचा कधी विचारच करावा लागला नव्हता. मी बाजूला उभी राहून शहाणपण करणारी धाकटी. आता मला दिसलं की बारावीत मला केस कापायचेत ते मी कापणार नाही, कारण जयाबाईंनी वेणी बघितलीय. हनुवटी धरली होती त्यांनी, त्या जागी कातडी गरम झाली. दिसलं की माझे डोळे कधी बिघडले तर माझाही चष्मा कपाटात, दोन चष्मे शेजारी शेजारी. आणि हे करायला कुणी वाईट माणूस लागणार नव्हतं. मामा चांगले, जयाबाई चांगल्या, आई थकलेली, अण्णांचं पेन निळं.

“नीलमचं पुण्याचं मग?” अण्णांनी मामांना विचारलं, मामांनाच.

“राहू दे की. बेळगावची नोकरी हाय न्हवं? आहे तसं राहू दे. त्यांनी जसं बघितलंय तसं.”

मी आत गेले. आक्का पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं, आमच्या घराच्या भिंती ऐकू येतील इतक्याच जाड आहेत. पडद्यावर पुण्याच्या कंपनीला मेल. आभार, खेद, घरगुती कारण. ती शेवटचं वाक्य दुरुस्त करत होती, डोळे इतके बारीक केलेले की झोपल्यासारखी दिसत होती.

“तू तो प्रश्न का विचारलास गं, समे?” ती म्हणाली.

“पैज लागलेली.”

“जिंकलीस?”

“व्हय.”

“काय मिळालं?”

“भडंग.”

ती हसली. नेहमीसारखी, माझ्या कुठल्याही बोलण्यावर हसते तशी, आणि मला वाटलं तिच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं. “मला तो आवडला व्हता,” ती म्हणाली, पडद्याकडंच बघत. “म्हंजे, तसं न्हाई. त्यानं ‘तरीबी’ म्हटलं ना, तेव्हा वाटलं, ह्याला सांगितलं तर कळंल. काय सांगायचं ते माहीत न्हाई. पण कळंल.”

“त्यानं वाचलंय तुझं. मेसेज.”

“माहीत हाय.”

“मग?”

“मग काय. थांबायचं. चार वर्षं म्हटलंय त्यांनी, न्हाई तर म्हटलं न्हाई.”

“तुला थांबायची सवय लागलीया,” मी म्हणाले. “तुला आता कुणी सोडलं तरी तू जाणार न्हाईस. दार उघडं ठेवलं तरी तू आत बसून विचारशील, जाऊ का. बारा पडदे नीट केलेस तू. बारा. आणि स्वतःचा एक… तुझ्याकडं बघितलं की मला कळतं मी कशी दिसणार हाय. म्हणून मला तुझ्याकडं बघवत न्हाई.”

हे मी मुद्दाम लागेल असं बोलले. लागलंही. तिचा हात कीबोर्डवरनं खाली आला, मांडीवर पडला, तळवा वर. पण ती रडली नाही, चिडलीही नाही. तिनं मान हलवली, जसं मी एखादं गणित बरोबर सोडवलंय. आणि परत पडद्याकडं वळून खेदच्या जागी ‘अतिशय खेद’ लिहिलं. तेव्हा मला दया यायला पाहिजे होती. आली नाही. मला घाण वाटली, ओल्या गोणपाटावर पाय पडल्यासारखी, आणि तिच्यापेक्षा जास्त स्वतःची भीती, आणि त्या भीतीत एक विचित्र हुशारी, की ही आता बघ, हिच्याच्यानं काही होणार नाही, हिला सोडवायचं तर हिला विचारून चालणार नाही. विचारलं तर ही थांबते म्हणेल. मी लॅपटॉप तिच्या मांडीवरनं उचलला. ती म्हणाली, “अगं, पाठवायचंय.” मी तो बंद केला आणि काखेत धरला. गरम होता. ती उठली नाही. हात पुढं केला फक्त, आणि मग तोही परत घेतला.

बाहेर मामा गेले होते. आई ताटं मांडत होती, अण्णा हात धुऊन टॉवेलला पुसत होते, एक एक बोट. आईनं माझ्या काखेतल्या लॅपटॉपकडं बघितलं आणि म्हणाली, “बस जेवायला. आक्काला बोलीव.” मी बसले नाही. आक्का मागं पॅसेजमध्ये येऊन उभी होती, हे मला न बघता कळलं, तिच्या बामाच्या वासानं.

“जेवणाच्या आधी सांगते,” मी म्हणाले. “उद्या सकाळी शाळेला जायच्या आधी मी जयाबाईंना फोन करणार हाय.”

“कशाला गं?” अण्णांनी विचारलं.

“धाकटी न्हाई म्हणतीया, चार वर्षांनीबी न्हाई, म्हणून सांगणार. आणि थोरलीबी न्हाई म्हणतीया, म्हणून सांगणार. म्हंजे सोमवारी तिला कुणासाठी थांबायला नको.”

आईच्या हातातलं ताट खाली टेकलं, आवाज न होता. ती माझ्या खांद्यावरनं मागं बघत होती, पॅसेजमध्ये. “नीलम म्हणाली असं?” तिनं विचारलं.

“न्हाई. तिला तो आवडलाय. तिला विचारलं तर ती हो म्हणंल, म्हणून मी तिला विचारलेलं न्हाई, आणि विचारणारबी न्हाई.”

अण्णांनी टॉवेल खुंटीला लावला. तो घसरून खाली पडला, त्यांनी उचलला नाही.

“तिच्या वतीनं बोलायचं ह्या घरात तुम्ही करता, आई करती, मामा करतात,” मी म्हणाले. “उद्यापासनं मीबी करणार.”